प्रतिसाद: रोटाव्हेटरची पाती घरीच बदलताना

दादा, तुम्ही विचारलंय की रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराची, पाती घरी बदलता येतात का. येतात. पण वर कुणीतरी सगळी पाती एकदम सोडायला सांगितलंय, ते करू नका. पाती डावी-उजवी अशी दोन जातीची असतात आणि फिरणाऱ्या शाफ्टवर (दांड्यावर) मळसूत्रासारखी चढत जातात. एकदा सगळी सोडली की ती रचना ध्यानात राहत नाही. एक सोडायचं, तिथलंच नवं बसवायचं. धार फिरण्याच्या दिशेला आणि शाफ्टवरच्या ज्या चकत्यांना पाती बसतात त्यातल्या कडेच्या दोन्हींवर पाती आतल्या बाजूला वळलेली.

आमच्याकडं परभणीत, सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी रान करताना काळी माती नटांवर सिमेंटासारखी बसते. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. बोल्ट नवेच घ्या, चांगल्या पोलादाचे. झिजलेला बोल्ट तुटला तर पातं गोळीसारखं सुटतं. तासभर चालवून सगळे पुन्हा आवळा.

आणि हात जोडून सांगतो, नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली जाऊ नका. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा दांडा) काढलेला, खाली दोन्हीकडं जाड लाकडी ठोकळे. मगच पाना हातात घ्या.