मे महिन्यात पुण्याजवळ धबधबा? घरच्यांना घेऊन चालत जाता येईल असा

चिंगीची_आई (सिंहगड रोड)
नमस्कार मंडळी, मे च्या दुसऱ्या आठवड्यात दीर-जाऊबाई आणि त्यांची पोरं नागपूरहून येतायत. तिकडच्या उन्हातनं सुटून येणार म्हणजे त्यांना आपलं पुणं पण हिल स्टेशन वाटणार. जाऊबाईंनी कुठलं तरी ताम्हिणीचं रील बघितलंय आणि फोनवरच सांगून ठेवलंय की ह्या वेळी धबधबा बघायचाच, तोही गाडीच्या काचेतनं नाही, डोंगरात चालत जाऊन. सोबत सासूबाई (गुडघे कुरकुरतात, पण घरी बसा म्हटलं तर त्या जास्त कुरकुरतात) आणि सगळ्यात छोटं पिल्लू साडेचार वर्षांचं. देवकुंड कसं राहील? की महाबळेश्वरचं लिंगमळा? तासभर चालणं, थोडी सावली, पोरांना पाण्यात पाय घालता आले की झालं. आमचे अहो म्हणतात मे मध्ये कुठला आलाय धबधबा, पण ते कुठल्याही प्लॅनला आधी नाहीच म्हणतात.

पर्वती_पायथा
अहोंना म्हणावं अभिनंदन, ह्या वेळी बरोबर आहात. ते रील जुलैचं असणार. मे मध्ये ताम्हिणीत गेलात तर तिथे काळा कातळ आणि मागच्या वर्षीच्या चिप्सच्या पिशव्या दिसतील.

घाटवाटा_भटक्या
जरा सविस्तर लिहितो कारण दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. आपले सह्याद्रीतले धबधबे बहुतेक सगळे पावसाळी. वर माथ्यावर मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्टचा कडक खडक, पाणी मुरून साठायला जागाच कमी, त्यामुळे पडलं ते लगेच कड्यावरनं खाली. म्हणून जिथे पाऊस तुफान पडतो तिथेही उन्हाळ्यात ठणठणाट. ताम्हिणीला २०२४ च्या जुलैमध्ये चोवीस तासांत ५५६ मिमी पडला होता, त्याच घाटात मे महिन्यात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते. दिवाळीनंतर धारा बारीक होत जातात आणि होळीपर्यंत बहुतेक ओढे आटतात. लिंगमळा म्हणजे वेण्णा नदीचंच पाणी, मे मध्ये तिथे फार तर एखादी बारीक धार, पण झाडी बरी आहे. आणि देवकुंड साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन नकोच, भिऱ्याहून जाऊन-येऊन चार-पाच तास सहज जातात आणि तो डोह खोल आहे, तिथे माणसं बुडालेली आहेत. सासूबाईंचा तर विषयच नको.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. पाणी नसलेला धबधबा मुलांना दाखवण्यासारखा असतो हो! पावसाळ्यात शेवाळ, गर्दी आणि फेस, खालचा दगड दिसतच नाही. आत्ता गेलात तर जिथे पाणी आपटतं तिथला गुळगुळीत झालेला खडक हात लावून बघता येतो. शिरूरच्या पुढे निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, भूगोलाच्या पुस्तकात असायचे बघा, भोवऱ्यात सापडलेले गोटे गरागरा फिरून कातळ कोरत गेलेत. काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसतात. पात्रात पाणी कमी असतं तेव्हाच ते नीट बघता येतं. फक्त काठावर पोरांचा हात सोडू नका, खळगे खोल आहेत आणि कडा निसरड्या, आणि सकाळी लवकर जा, दहानंतर कातळ तापला की तव्यावर उभं राहिल्यासारखं होतं.

मनालीप्रेमी
उन्हाळ्यात भरलेला धबधबाच पाहिजे तर हिमाचलला जा की. मनालीजवळ वशिष्ठ गावातनं जोगिनी फॉल्सला पायवाट आहे, वरचं बर्फ वितळतं त्यामुळे मे-जूनला चांगलं पाणी असतं. येताना वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात सासूबाईंच्या गुडघ्यांची पण सोय.

पर्वती_पायथा
@मनालीप्रेमी ताईंनी पुण्याजवळ विचारलंय.

मावळातला_गडी
ताई तुम्ही भाज्याला या. पुणे-लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, तिथनं भाजे गाव चालत अर्ध्या तासावर, मग लेण्यांच्या पायऱ्या. पावसाळ्यात तिथे जो धबधबा असतो त्यात पाय ठेवायला जागा नसते, आत्ता कोरडा असेल पण तुमच्या जाऊबाईंना जागा दाखवता येईल, जुलैत परत या म्हणायचं. लेणी दोन हजार वर्षांच्या वरची, एकूण २२, आणि मोठ्या चैत्यात छताला लाकडाच्या कमानी अजून टिकून आहेत, मान वर करून बघायला लावा पोरांना. आत गारवा पण असतो. पंधरा वर्षांखालच्या पोरांना तिकीट नाही. सेंट वगैरे फासून येऊ नका, असल्या कातळात कुठेकुठे आग्या मोहोळ असतं.

आणि मे मध्ये आमच्याकडे पाणी नसलं तरी रानमेवा असतो. सकाळी बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, काळी कुळकुळीत घ्या, लालसर आंबट निघतात. चिकानं ओठ चिकटतात, पोरांना आधी सांगून ठेवा नाहीतर रडतील. भाव करू नका, काट्यात हात घालून काढलेली असतात. आणि पोरांनी पण स्वतः काढायची हौस केली तर फुल बाह्यांचे शर्ट घाला.

चिंगीची_आई (सिंहगड रोड)
वा, भाजे बेस्ट वाटतंय! रांजणखळगे गाडीनं वेगळ्या दिवशी करू. लोकलमुळे पोरं तर नुसती उड्या मारतील, नागपूरच्यांना आमची लोकल माहितीच नाही. एक शंका, तेव्हा वळीव पडला आणि धबधब्याला थोडं पाणी आलं तर खाली उभं राहिलेलं चालेल ना?

घाटवाटा_भटक्या
अजिबात नको. वळवाचं पाणी गढूळ येतं, दगड-फांद्या घेऊन येतं आणि अचानक येतं. वर डोंगरावर पडतोय हे खाली उन्हात उभ्या माणसाला कळत पण नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याच्याच एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, लहान मुलं होती त्यात, काही मिनिटांत पाणी वाढलं. आणि मे म्हणजे पाऊस लांब आहे असंही धरू नका, २०२५ ला मान्सून २६ मे लाच पुण्यात आला होता. ढग दाटले की ओढ्यातनं बाहेर, फोटो राहू दे.

मावळातला_गडी
बरोबर. आणि ताई, परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, दुपारी मधे बराच वेळ गाडी नसते. सकाळी सातच्या आत निघालात तर अकरापर्यंत सगळं उरकतं. स्टेशनवर ताटकळायला लागलं तर सासूबाईंसाठी एक सतरंजी ठेवा जवळ.

पर्वती_पायथा
सतरंजी अहोंनी उचलायची.