फिश अँड चिप्सची फिरती गाडी: तुमचा अनुभव सांगा

टिळकवाडी (धागा काढणारी)
दिवाळीपासून आपल्याकडे बेळगावात एक निळी गाडी फिरतेय. मंगळवारी आरपीडी कॉर्नरच्या अलीकडे, बुधवारी हिंडलग्याच्या वाटेवर, शुक्रवारी खानापुरात आणि महिन्यातनं एखाद्या रविवारी थेट निपाणीला. पाटीवर कानडी मोठं, इंग्रजी बारीक, मराठी तोंडी. फळीवर मिठाची डबी, व्हिनेगरची बाटली. आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, "माशाची भजी आणि बटाट्याच्या फोडी, त्यात एवढं काय?" मग दोन प्लेटी खाल्ल्या. तुम्हाला काय अनुभव आला? चांगला-वाईट दोन्ही लिहा. गाडीचं नाव मात्र नको, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीय.

वडगाव
बाबांसाठी पार्सल घेतलं. पाऊस होता, म्हणून डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. घरी पोचायला पंचवीस मिनिटं. झाकण उघडलं तर वरचं कवच उशीच्या अभ्र्यासारखं अख्खं हातात आलं आणि आत मासा पांढराफेक, अंग चोरून बसलेला. बाबांनी तो आमटीत टाकला आणि वर म्हणाले, बरा लागतोय. पैसे पाण्यात.

खानापूर, हॉटेलात कढईवर अकरा वर्षं
वडगावकर, गाठ मारलीत तिथंच चुकलं. गरम माशाची वाफ बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर ती परत पिठातच मुरते. झाकण उघडं ठेवून न्या, भिजला तर वरनं भिजेल.

मी त्या गाडीजवळ तासभर उभा होतो, सवयच आहे. पोरगा काम नीट करतो. बटाटा दोनदा तळतो. आधी 140-150 अंशांच्या तेलात, रंग न येऊ देता, नुसता आतनं शिजेपर्यंत. मग निथळून गार करायचा. गिऱ्हाईक आलं की 180-190 च्या तेलात दोन-तीन मिनिटं. थर्मामीटर लावलेला आहे, पण त्याचा खरा भरवसा कानावर. जाळी झटकतो, फोडी खडखडल्या तर कागदावर, थपथपल्या तर परत आत. पीठ मैद्याचं, बर्फागत गार सोडावॉटरमध्ये कालवलेलं, जरा गुठळ्या राहिल्या तरी चालतं. जास्त घोटलं की चिवट होतं. आणि मासा आधी पुसून कोरडा करायचा, नाहीतर पीठ धरतच नाही.

निपाणी
हे सगळं ठीक आहे हो, पण आम्ही सव्वा तास उभे होतो! आमच्या पुढं नऊ माणसं, आणि तो गडी एका वेळी चारच तुकडे सोडतोय. नंबर आला तर म्हणतो, "मासा संपला, नुसते चिप्स हायत." धाकटा तिथंच रस्त्यावर बसला रडत. महिन्यातनं एकदा येता, तर थोडा जास्त माल आणा की.

खानापूर, कढईवाला
चारच सोडतो म्हणून तर तो मासा खाण्यासारखा लागतो. एकदम आठ सोडले की तेल गार पडतं आणि पीठ तेल पितं. माल संपला ही मात्र त्याची चूक, तिथं माझं काही म्हणणं नाही.

कॅम्प
मी कामानिमित्त तीन वर्षं इंग्लंडात यॉर्कशायरातल्या लीड्सला होतो. तिकडं शुक्रवारी संध्याकाळी या दुकानांपुढं रांग लागते, आपल्याकडं कुंद्याच्या दुकानापुढं सणाला लागते तशी. दक्षिणेकडं बहुतेक ठिकाणी कॉड मासा, यॉर्कशायरात हॅडॉक. सोबत शिजवून मऊ केलेले हिरवे वाटाणे. तळणीतला पिठाचा चुरा मागितला की बहुतेक दुकानदार फुकट देतात, त्याला ते स्क्रॅप्स म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात एवढं रेशनिंग झालं तरी फिश अँड चिप्स त्यातनं वगळलं होतं, आणि ही गोष्ट तिकडची म्हातारी माणसं अजून कौतुकानं सांगतात.

एक गोष्ट सांगू का? यॉर्कशायरात पुष्कळ दुकानांत अजून गाईच्या चरबीत तळतात. मला हे चौथ्या महिन्यात कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही. इथं पहिल्या दिवशी आधी डोकावून तेलाचा डबा बघितला, मगच पैसे काढले.

व्हिनेगर मात्र इथलं मला जास्त आवडलं. तिकडं जवाच्या माल्टचं असतं, करपट गोडसर. हा गोव्याचं माडाचं वापरतो.

शहापूर
आम्ही जैन, तरी आमच्या घरातली कॉलेजची पोरं बाहेर बटाटा खातात. मुलगी मैत्रिणींबरोबर गेली, नुसते चिप्स मागितले. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, तेल एकच का? पोरगा म्हणाला, "हो अक्का, एकच." खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं! मुलीनं खाल्ले नाहीत, पैसेही त्यानं घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात दुसरी लहान कढई दिसली, वर हिरवा ठिपका. आता चिप्स तिच्यातनं येतात. मी अजून खाल्लेले नाहीत, पण ओरडायचं सोडलंय.

अनगोळ
माझा अनुभव एवढा गोड नाही. फळ्यावर 'चोणक' लिहिलेलं, त्याचेच पैसे घेतले. पहिल्याच घासाला कळलं. चोणक मोडला की जाड पाकळ्या सुटतात. हा नुसता मऊ, पाणचट, तोंडात विरघळणारा. बासा! आमचं आजोळ वेंगुर्ल्याचं, मला मासा शिकवू नका. मागं जाऊन सांगितलं तर आधी मालक म्हणे "तसं काही नाही". मग त्या पोरानंच हळूच सांगितलं, चोर्ला घाटात ट्रक आडवा झाला होता, गोव्याची गाडी आलीच नाही, फ्रीजरमधला लावला. अहो, मग फळा पुसा ना! बासा म्हणून विकला असता तर मी बासा म्हणून खाल्ला असता. निम्मे पैसे परत दिले. त्यानंतर मी आधी कच्चा तुकडा बघते. मालकाला आवडत नाही, पण दाखवतो.

टिळकवाडी (धागा काढणारी)
अनगोळच्या ताई, हे लिहिलंत ते बरं झालं. जून-जुलैत काय करतात कुणाला माहीत आहे का? गोव्याकडं 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात.

अनगोळ
बासाच. पण आता फळ्यावर बासा लिहितात.

येळ्ळूर
आज्जीला नेलं होतं. वय ब्याऐंशी, दात चार. तिनं एक तुकडा मोडला, चावला आणि गाडीकडं बघून म्हणाली, "का रं पोरा, मीठमिरची आणायला इसरलास व्हय?" रांगेतले सगळे हसले. तो म्हणाला, आज्जी, हे असंच असतंय. तर म्हणते, "असंच असतंय तर माझ्याकडनं पैसं का घेतलास?" मग पिशवीतनं पुडी काढली. लसणाची चटणी! कुठंही जाताना ती बरोबर असतेच. स्वतः लावून खाल्ली, शेजारच्या दोघांना दिली, एक चिमूट त्या पोरालाही. पुढच्या वेळी गेलो तर फळीवर व्हिनेगरच्या शेजारी लाल चटणीची वाटी. तिखट कमी आहे असं आज्जीचं म्हणणं.

हिंडलगा
मंगळवारी जा. अर्धं गाव मासा खात नाही, रांग नसते.

वडगाव
कढईवाल्यांचं ऐकून परवा झाकण उघडं ठेवून आणलं. बाबांनी आमटी मागितली नाही. स्कूटरवर मागं बसलेल्या बायकोनं वाटेत तीन फोडी खाल्ल्या, ती तक्रार वेगळी.

टिळकवाडी (धागा काढणारी)
आज मंगळवार आहे आणि आरपीडी कॉर्नरला गाडी दिसत नाहीय. कुणी बघितली का? मुलगी युनिफॉर्म न काढता दारात बसलीय.