मदत हवी आहे: लोटस सेव्हनची प्रतिकृती बांधतोय, नाक मूळ मापाचं ठेवू की सोलापूरच्या उन्हाप्रमाणे?

फायबरवाला:

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. टॉवेल-चादरीच्या डाइंगला लागणाऱ्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, गणपतीत मंडळांच्या देखाव्याचे खांब, येईल ते काम घेतो. गेलं दीड वर्ष रविवारी आणि जमेल त्या रात्री मेहुण्याबरोबर एक गाडी बांधतोय. लोटस सेव्हन, म्हणजे ब्रिटनची जुनी, छोटी, उघडी दोन सीटची स्पोर्ट्स कार. म्हणजे तिच्यासारखी.

सांगाडा चौकोनी पाइपचा, वेल्डिंग शेजारच्या शेडमधल्या मिस्त्रींचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिप्सी किंगचा, १२९८ सीसी, ८० बीएचपीवाला. जिप्सीचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो, त्यामुळे तो काढून प्रोपेलर शाफ्ट सरळ मागे नेता आला. मागचा ॲक्सल ओम्नीचा. ओम्नी अख्खी १४१० मिमी रुंद, म्हणून तो सेव्हनच्या अंगाला बसतो. जिप्सीचाच घेतला असता तर चाकं दोन्हीकडून फेंगडी दिसली असती.

अडलंय नाकावर, म्हणजे बॉनेटच्या पुढच्या, वारा आत घेणाऱ्या भागावर. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने बनवलेली रोडस्टर १.८ एस आहे. त्यांनी मोठ्या मनाने नाक काढून दोन दिवस दिलं, त्यावरून मी साचा घेतला. ती गाडीसुद्धा सेव्हनचीच नक्कल, आत इसुझूचं इंजिन. म्हणजे माझं नाक हे नकलेची नक्कल. आमच्या धंद्यात याला किंमत मोजावी लागते: रेझिन सुकताना आकसतं, साच्यावरून साचा घेतला की दर पिढीला माप किंचित घटतं आणि धारा बोथट होतात.

तर नाक बसवलं, त्यामागे जिप्सीचा रेडिएटर. तो उंच, म्हणून आडवा कलवून घातला. मार्चमध्ये शेडमध्ये इंजिन जागच्या जागी २० मिनिटं चालवलं आणि काटा लाल रेघेवर. अजून एप्रिल-मे यायचाय, पारा ४२-४३ ला जातो इथे. माझं म्हणणं, नाकाचं तोंड दीड-दोन इंच मोठं करावं, फायबर माझ्या हातचं आहे, एका रविवारचं काम. मेहुणा म्हणतो, तोंडाला हात लावलात तर ती सेव्हन राहणार नाही. एअर फिल्टरचा डबा बॉनेटच्या वर येतोय, तिथे फुगवटा द्यायलाही त्याचा नकार.

जाणकारांनी सांगावं, प्रतिकृती कुठवर हुबेहूब असावी? आणि तोंड वाढवू का?

ता.क. सांगाडा सीटपाशी मूळ मापापेक्षा ४ इंच रुंद घेतलाय. माझं वजन ९४ किलो. हे मेहुण्याला माहीत नाही, त्याने टेप लावलेला नाही. तो हे संकेतस्थळ वाचत नाही.

टॉर्करेंच:

गाडी कुठे चालवणार? रस्त्यावर की खाजगी जागेत? उत्तर त्यावर आहे.

फायबरवाला:

मार्डी रोडला मेहुण्याचं शेत आहे, तिथला पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता. सध्या तेवढंच. पुढे ओम्नीचं आरसी बुक आहेच म्हणा.

कलमनवीस:

ते "आरसी बुक आहेच म्हणा" डोक्यातून काढा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठासून सांगितलं. ओम्नीचा चासिस नंबर कापून नव्या सांगाड्यावर डकवणं तर त्याहून वाईट.

नवी गाडी म्हणून नोंदवायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती वाट कारखान्यांसाठी आखलेली, दोघांच्या रविवारच्या गाडीला झेपणारी नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून नंबर देतात. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या कारखान्याला वर्षाला ३२५ प्रतिकृती विकायची मुभा दिली, आणि तिथे गंमत अशी की गाडी किमान २५ वर्षं जुन्या मॉडेलसारखी दिसलीच पाहिजे. म्हणजे हुबेहूबपणा तिथे कायद्याचीच अट.

"व्हिंटेज म्हणून नोंदवा" असा सल्ला इथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. २०२१ चे ते नियम ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहेत. तुमची दीड वर्षाची आहे.

शेंगाचटणी:

व्हिंटेज म्हणून नोंदवा की.

(कलमनवीस, रागावू नका.)

पुणेरी_पाना:

दाजी, मेहुणा बोलतोय. वाचतो मी. आयडी काढायला दोन मिनिटं लागतात.

४ इंचांचं रविवारी बघू. आधी तोंडाचं.

लग्नसराईत आपल्याकडे वरातीला निघणाऱ्या "व्हिंटेज" गाड्या आठवा. खाली जीप, वर पत्र्याचं लांब नाक, पितळी भोंगा, पांढरा रंग. कुठली गाडी विचारलं तर मालकालाही सांगता येत नाही, कारण ती कशाचीच नक्कल नसते. बनवणाऱ्याला जिथे जे सोपं पडलं तिथे ते केलेलं. प्रत्येक बदल त्या-त्या वेळी योग्यच वाटला असणार: इथे रेडिएटर मावेना, तिथे दार बसेना. आपणही आज तोंड वाढवू, उद्या पाऊस लागतो म्हणून टप, परवा मागे सामानाला जागा. मग त्यापेक्षा ओम्नी काय वाईट होती?

१९६० च्या दुसऱ्या सिरीजचे फोटो मी भिंतीवर लावलेत ते शोभेला नाहीत. कुठल्यातरी एका गाडीशी इमान ठेवायचं, एवढंच माझं म्हणणं. दोन इंचांनी सेव्हनचा बेडूक होतो, कागदावर कापून बघितलंय.

टॉर्करेंच:

पाना, इमान ठीक, पण कोणाशी? १९५७ च्या पहिल्या सेव्हनला फोर्डचं ११७२ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, ते पवित्र होतं म्हणून नाही, स्वस्त आणि हाताशी होतं म्हणून. अंग ॲल्युमिनियमचं. तुमच्या लाडक्या दुसऱ्या सिरीजमध्ये नाक आणि मडगार्ड फायबरची झाली. १९७० च्या चौथ्या सिरीजचं सगळंच अंग फायबरचं. १९७३ मध्ये केटरहॅम या ब्रिटिश कंपनीने लोटसकडून सेव्हनचे हक्क घेतले, थोडे दिवस चौथी बनवली आणि १९७४ मध्ये परत तिसरीकडे वळले. बनवणाऱ्यांचंच मूळ दर चार वर्षांनी बदलत होतं.

शिवाय ही गाडी मुळातच सुट्या भागांत विकली जायची. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. सोबत जोडणीच्या सूचना द्यायला बंदी, म्हणून गाडी सोडवायच्या सूचना द्यायचे आणि गिऱ्हाईक त्या उलट्या वाचायचं, असं सांगतात. त्यामुळे घराघरांत बांधलेल्या सेव्हनमध्ये बांधणाऱ्याचा हात उतरलेला असणारच.

आणि हे दोघांसाठी: २०१३ मध्ये खुद्द केटरहॅमने सेव्हन १६० काढली, तिच्यात सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन आणि सुझुकीचाच मागचा ॲक्सल. ८० बीएचपी, ४९० किलो. तुमची जिप्सी-ओम्नी अगदीच बिरादरीबाहेरची नाही.

कोब्रा या साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी. अस्सल कोब्रा हजाराच्या आसपासच बनल्या, किमती आभाळाला भिडलेल्या, म्हणून तिथे लोक बटणापर्यंत हुबेहूब मागतात. तिथे नजर गाडीवर कमी आणि किमतीवर जास्त असते असं माझं मत. वाद नको.

कुर्डुवाडी_पॅसेंजर:

रेल्वेच्या वर्कशॉपात ३१ वर्षं फिटर होतो, आता निवृत्त. गाड्यांचं इमान वगैरे मला कळत नाही. फायबरवाले, एक सांगा. रेडिएटरचं झाकण उंच आहे की इंजिनचं हेड?

फायबरवाला:

काका, हेड उंच. नाक खाली उतरतं ना, रेडिएटर कलवल्यावर झाकण हेडच्या साधारण ३ इंच खाली गेलंय.

कुर्डुवाडी_पॅसेंजर:

मग तोंडाला कशाला बोल लावता? पाणी भरताना हवा वर चढते आणि हेडमध्ये अडकून बसते. तुम्ही झाकणापर्यंत पाणी भरलं, पण वरचे ३ इंच कोरडे. हवेचा फुगा असला की पंप पाणी ढकलत नाही, तिथलं पाणी उकळतं आणि काटा पळतो. जिप्सीत रेडिएटर उभा होता म्हणून ही अडचण कधी आली नाही.

फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर), सगळ्यांत उंच जागी, वेगळी टाकी बसवा. दाबाचं झाकण तिच्यावर, ०.९ बारचं चालेल. रेडिएटरचं झाकण साधं, बंद. हेडच्या वरच्या बाजूने एक बारीक नळी त्या टाकीत, म्हणजे हवा आपोआप निघून जाईल. टाकीच्या बुडातून जाड नळी पंपाच्या तोंडाशी. नळीला वर-खाली उंटासारखी वशिंडं ठेवू नका, चढ एकाच दिशेचा हवा.

दुसरं. जागच्या जागी चालवताना नाकातून वारा येतच नाही, सगळं काम पंख्याचं. तोंड दोन इंच वाढवून शेडमध्ये काय फरक पडणार होता? शेतातही २०-३० च्या वेगाला पंखाच. पंख्याला पूर्ण काउल, म्हणजे रेडिएटर झाकणारं कवच आहे का? नुसता मधे बांधला असेल तर पंख्यासमोरचाच भाग थंड होतो, कोपरे तसेच तापतात.

तिसरं. नाक आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट असेल तर वारा फटीतून निघून जातो. वाऱ्याला कष्ट नको असतात. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून तोंडापासून रेडिएटरपर्यंत बोगदा करा, कडेला फोम. बोगदा हळूहळू रुंदावणारा असेल तर तोंड रेडिएटरच्या एक तृतीयांश असलं तरी धावत्या गाडीला पुरतं. आणि आत गेलेला वारा बाहेर कुठून पडणार? बॉनेटच्या कडेला फटी पाडा.

पुणेरी_पाना:

काका, तुमचे पाय धरतो. फटी चालतील, सेव्हनच्या बॉनेटला त्या असतातच.

सोलापूरची_सून:

मी इथे पाककृतीच वाचते, पण नवऱ्याला गाड्यांचं वेड असल्यामुळे हा धागा उघडला. कोणी विचारलंच नाही म्हणून विचारते: रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) आहे का? बेल्ट? पेट्रोलची टाकी कुठे आहे? १९६० ची गाडी हुबेहूब करताना १९६० ची सुरक्षाही करणार का?

फायबरवाला:

ताई, टाकी मागे, सीटच्या पाठीमागेच. बेल्ट चार टोकांचे घेतलेत. रोल बारवर आमचं भांडण होऊन विषय बाजूला पडला होता.

पुणेरी_पाना:

रोल बारला माझी हरकत मागे घेतो. बहिणीला मीच तोंड दाखवायचंय.

शेंगाचटणी:

बिल्ला कुठला लावणार? कोणी ऑनलाइन लोटसचा मागवला असेल तर मला द्या, स्कूटीला लावतो.

फायबरवाला:

(अकरा दिवसांनी)

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. भंगार बाजारातून एका व्हॅनची टाकी आणली, फायरवॉलवर बसवली, हेडवरून नळी काढली. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्या नळीतून पाच मिनिटं नुसते बुडबुडे. मिस्त्री म्हणाले, "काय करलालाय बे, हुक्का पेटवलास का?" पंख्याला काउल फायबरचं मीच केलं, दोन थर मॅट. परवा दुपारी ४० डिग्रीत ३५ मिनिटं जागच्या जागी चालवलं. काटा मध्यावर, पंखा सुरू-बंद, सुरू-बंद.

तोंड आहे तेवढंच ठेवलं. उलट साच्यात बोथट झालेली ओठाची धार पुट्टी लावून फोटोवरून परत काढतोय, म्हणजे या एका बाबतीत मी मेहुण्यापेक्षा जास्त हुबेहूब निघालो. फुगवटा मात्र देणार. एअर फिल्टरला श्वास लागतो आणि तो फोटोतून मिळत नाही. ४ इंचांचं प्रकरण केटरहॅमने मिटवलं: त्यांनीच पुढे ११० मिमी रुंद सांगाड्याची आवृत्ती काढली, हे टॉर्करेंच यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवलं. मेहुण्याने टेप गुंडाळला.

रस्त्यावर नेणार नाही, कलमनवीस. ओम्नीचं आरसी रद्द करायला अर्ज टाकतोय. बिल्लाही लोटसचा नाही. घरात सगळे तिला सोलापुरातल्या चौकावरून "सात रस्ता" म्हणायलेत, तेच नाव फायबरमध्ये कोरून नाकावर बसवणार.

आता पुढची अडचण. ओम्नीचा ॲक्सल ३५ बीएचपीच्या आसपासच्या इंजिनसाठी केलेला, माझं ८० चं. गाडी हलकी आहे, पण मेहुणा क्लच सोडतो कसा ते मी बघितलंय. कोणी ओम्नीच्या हाफ शाफ्टवर (ॲक्सलमधल्या, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर) जास्त ताकदीचं इंजिन चालवलंय का? काका, शाफ्ट बदलू की मेहुणा?

कुर्डुवाडी_पॅसेंजर:

शाफ्ट काढून टोकाच्या दात्यांचा फोटो टाका. दाते पिळलेले दिसले तर बोलू.