छंद, वृत्त, गझल, सुनीत: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
नमस्कार. विलेपार्ल्यातील आमच्या वाचनगटात कवितेच्या अर्थावर चर्चा चांगली रंगते. परंतु रचनेविषयी बोलण्याची वेळ आली की आम्ही सारेच चाचपडतो. छंदःशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्यांनी कोणत्या क्रमाने अभ्यास करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
व्याख्या पाठ करण्याआधी ओळी मोठ्याने म्हणा आणि बोटांवर अक्षरे मोजा, असे मी आग्रहाने सुचवेन. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ घ्या. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत. हा मोठा अभंग. ‘जे का रंजले गांजले’ हा आठ-आठ अक्षरांचा, म्हणजे लहान अभंग. दोन्हींत लघु (ऱ्हस्व उच्चाराची) आणि गुरू (दीर्घ उच्चाराची) अक्षरे यांचा क्रम ठरलेला नसतो, म्हणून हे छंद.

मग समर्थांचे ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणून पाहा. येथे लघु-गुरु-गुरु हा तीन अक्षरांचा गट, म्हणजे ‘य’ गण, चार वेळा येतो. ‘सज्जना’मधील ‘स’ ऱ्हस्व असला, तरी पुढील जोडाक्षरामुळे तो गुरू धरला जातो. हे भुजंगप्रयात वृत्त; गणांचा क्रम ठरलेला, म्हणून अक्षरगणवृत्त. ‘जाती’ या तिसऱ्या रचनाप्रकारात मात्र मात्रांची (लघूची एक, गुरूच्या दोन) बेरीज पाहतात. हा भेद कानात बसेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

प्रतिसाद २
वरील क्रम अगदी योग्य आहे. माधव जूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा आधारग्रंथ जवळ असावा, पण तो सलग वाचू नये. जे वृत्त भेटेल ते त्यात शोधावे. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत (सॉनेट) चौदा ओळींचे असते, एवढे तूर्त पुरे. गझलेसाठी मात्र वेळ द्या. रदीफ (ओळीअखेर पुन्हा पुन्हा येणारा शब्द), काफिया (त्याआधीचा यमकाचा शब्द) आणि अलामत (काफियात न बदलणारा स्वर) यांचे नाते सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’मधून नीट उलगडते. मर्ढेकरांनी महानगरी जगण्यासाठी अभंग आणि ओवी कशी वापरली, हेही गटात अवश्य वाचा. जुना साचा नवा आशय कसा पेलतो, ते तेथे दिसते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. अभंगापासूनच प्रारंभ करतो. गझलेलाही अक्षरगणवृत्त चालते का?

प्रतिसाद २
चालते. समर्थांच्या भुजंगप्रयाताचा ‘लगागा लगागा लगागा लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) हाच क्रम फारसी-उर्दू गझलेत मुतकारिब या नावाने येतो. दोन्ही एकाच बैठकीत म्हणून पाहा.