लहान पीसीत लॅपटॉपच्या हार्ड डिस्क: काटकसर की चिकटपणा?

खटपट्या:
घरातल्या दोन लॅपटॉपना एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्क) बसवल्या, तेव्हा त्यांच्यातल्या एक-एक टेराबाइटच्या हार्ड डिस्क मोकळ्या झाल्या. वर्षभर कपाटात पडून होत्या. परवा डेस्कमिनी ए३०० हा छोटा पीसी जोडला. डबा १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटरचा, म्हणजे दोन लिटरसुद्धा नाही. त्यात अडीच इंची दोन डिस्क बसतात; साडेतीन इंची आत घालायचा विचारच करू नका. मग दोघींना तिथेच बसवलं. विंडोज पट्टीसारख्या एम.२ एसएसडीवर, फोटो आणि गाणी या दोघींवर.

माझं म्हणणं एवढंच, की छोट्या पीसीत साठवणीसाठी याहून सोयीचं काही नाही. साडेतीन इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. या नुसत्या ५ व्होल्टवर चालतात, कामात असतानाही दोन-अडीच वॅटच खातात. आवाज तर नाहीच. चुकत असेन तर सांगा.

जुना_लोहार:
चुकताय. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क, त्यात चार-पाच वर्षं बॅगेतून धक्के खाल्लेली. तिच्यावर घरचे फोटो? दात कोरून पोट भरत नाही, राव. एक मोठी सॅटा एसएसडी घ्या, त्याच जागेत बसेल.

सुरंगी:
लोहारकाका, सगळ्यांकडे तेवढे पैसे सुटे नसतात. माझ्या टीव्हीखालच्या छोट्या मिनी-आयटीएक्स पीसीमध्ये अशाच दोन डिस्क पाच वर्षं चालल्यात. सिनेमा बघायला सेकंदाला पाच-सात मेगाबाइट पुरतात, या शंभर तरी देतात. हवाय कशाला वेग?

एक मात्र सांगते. साडेतीन इंचीचे जाड स्क्रू हिला चालत नाहीत, बारीक एम३ लागतात. आणि जाडी आधी मोजा. ७ आणि ९.५ मिलिमीटरच्या बहुतेक ठिकाणी बसतात. चार-पाच टेराबाइटच्या १५ मिलिमीटरच्या असतात, त्या नाही बसत. मी एकदा लॅमिंग्टन रोडवरून आणून परत करायला गेले होते, दुकानदाराने जे तोंड केलं ते अजून आठवतं.

जुना_लोहार:
बघण्याचं सोडा, लिहिण्याचं बोला. एसएमआर माहीत आहे ना? ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. अडीच इंची डिस्कमध्ये एक टेराबाइट आणि वरच्या कितीतरी अशाच. कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये हे आहे ते नीट सांगितलंही नव्हतं, २०२० साली बोंब झाली तेव्हा याद्या बाहेर आल्या. एकदम दोनशे जीबी टाकून बघा, सुरुवातीला शंभरने पळेल, मग वीसवर येऊन रांगेल.

वऱ्हाडी_ठेचा:
तुम्ही दोघं वेगावर भांडता, आमच्या अकोल्यात भांडण उन्हाचं आहे. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश. दोन लिटरच्या डब्यात, प्रोसेसरच्या पाठीला पाठ लावून दोन डिस्क, अन् त्यांच्यावर हवा सोडायला पंखा नाही. मी एक काढून टाकली, एकच ठेवली. तेवढ्याने फरक पडला.

खटपट्या:
पुण्यात पंखा लावून डिस्कचं तापमान ४४ दिसतंय. लिहिण्याचं म्हणाल तर महिन्यातून एकदा फोनमधले फोटो उतरवतो, रांगली तर रांगू दे, मी चहा पितो.

बाकी तब्येत ठणठणीत आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं, खराब सेक्टर शून्य. वाचणारं-लिहिणारं डोकं पार्क केल्याची, म्हणजे बाजूला नेऊन ठेवल्याची, मोजणी ६४९६०. लॅपटॉपच्या डिस्कला सहा लाखांची हमी असते म्हणे. म्हणजे दहावा हिस्साच झिजली की!

बायनरी_बंडू:
थांबा थांबा. तो आकडा सोळाच्या पायावर आहे. ते सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात हेक्समध्येच दाखवतं, मेनूतून दशमान करावं लागतं. ६४९६० म्हणजे आपल्या हिशोबात ४,१२,०००.

दोन तृतीयांश संपली हो. आणि हे लॅपटॉपमुळेच होतं. बॅटरी वाचावी, धक्का बसला तर डोकं तबकडीवर आपटू नये, म्हणून या डिस्क काही सेकंद काम नसलं की डोकं बाजूला नेऊन ठेवतात. टेबलावरच्या पीसीत या सवयीचा उपयोग शून्य, झीज मात्र चालू. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एपीएमची, म्हणजे डिस्कच्या वीजबचतीची, सेटिंग आहे, ती २५४ करा, म्हणजे डोकं सारखं बाजूला जाणार नाही. लिनक्सवाल्यांनी एचडीपार्म ही कमांड वापरावी. काही डिस्क पीसी बंद करून चालू केला की हे विसरतात, तेव्हा दर वेळी लागू होईल असं बघा.

जुना_लोहार:
मी काही बोलत नाही.

सुरंगी:
बोललातच की! बंडू, पण सहा लाख झाले की डिस्क मरते असं थोडंच आहे? ती कंपनीने दिलेली हमी आहे, यमाची तारीख नव्हे. माझ्या एकीने ती कधीच ओलांडली. अर्थात तिच्यावर सिनेमेच आहेत, गेले तर गेले.

खटपट्या:
बंडूशेठ, धन्यवाद. दशमान करून पाहिलं, खरंच चार लाख बारा हजार. एपीएम २५४ केलंय. गाणी राहतील तिथेच, डिस्क काही काढत नाही. फोटोंची मात्र आत्ताच भावाकडच्या साडेतीन इंची डिस्कवर कॉपी लावलीय, अजून दीड तास दाखवतंय.

दुसऱ्या डिस्कचा आकडा मुद्दामच उघडला नाही. जेवून बघतो.