तारणाने (ख्रिस्तामुळे पापातून झालेल्या सुटकेने) नेमकं काय मिळालं? अनुभव लिहा (नोकरी-व्हिसा वगळून)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या शेवटी साक्षसभा असते, देवाने काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. बहुतेक साक्षी एकाच वळणाच्या: ताप उतरला, मुलीचं जमलं, नोकरी लागली, व्हिसा आला. देवाचे उपकार आहेतच, आभार मानायलाच हवेत. पण बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय काढून बघा. तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत प्रेषित पौल आशीर्वादांची झड लावतो, मूळ ग्रीकमध्ये तर हे सगळं एकच वाक्य आहे. निवड, दत्तकपण, खंडणी भरून मिळवलेली मुक्ती, अपराधांची क्षमा, वतन, पवित्र आत्म्याचा शिक्का. यात नोकरी नाही, आजारातून उठणंही नाही. आणि लिहिणारा स्वतः बेड्यांत!

तर यातलं काही तुमच्या साध्या, कामाच्या दिवसात कुठे दिसलं ते लिहा. नावं नकोत, गाव पुरे. आणि कृपा करून एकमेकांच्या पंथाला नावं ठेवू नका.

नगर
क्षमा. बांधावरून आमच्यात आणि दिरांच्यात बोलणं बंद झालेलं. चूक कुणाची ते सोडा, (त्यांचीच होती). प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या) रविवारी पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचायचे, प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावं, आणि मग छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून फिरायचा. जाऊबाई दोन बाकं पुढे. मी ट्रे न घेता पुढे सरकवायची. शेजारच्या बाईला वाटायचं, हिला द्राक्षरसाचं पथ्य असेल.

एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. जाऊबाई ओट्याजवळ मेथी निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, पण जुडी अर्धी करून माझ्यापुढे सरकवली. निवडून झाली, चहा झाला. माफीचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. बांध अजून त्यांच्याच बाजूने सरकलेला आहे. ज्याने माझं सगळं देणं सोडलं त्याच्यासमोर दोन फुटांचा हिशेब धरून बसणं मला जमेना, इतकंच सांगता येईल.

पुणे
मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा, संडे स्कूल, मग दृढीकरण (मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी). 'तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?' असं कुणी विचारलं की मी गप्प. पंडिता रमाबाईंचं वाचल्यावर धीर आला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. मधे बरीच वर्षं गेली. त्यांच्यासारख्या विदुषीची ही गत, तर आमचं काय! मला एवढं कळतं की रविवारी चर्चला जाणं आधी हजेरी लावण्यासारखं होतं, आता नाही. कधी बदललं ते खरंच सांगता येत नाही.

कोल्हापूर
ताई, नियम मान्य, पण दारू सुटली ती कोणत्या खात्यात टाकू? फाउंड्रीत आहे, पाळी सुटली की सगळे गुत्त्यावर. माझ्या बाबतीत आधी गेली ती लाज. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचो, आशीर्वचन व्हायच्या आत बाहेर. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचं पहिलं वचन कुणीतरी दाखवलं, ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. पिणाऱ्याला हे सांगणं धोक्याचं, असं आमच्या मंडळीतले एक जण म्हणाले होते. पण मला तेच लागू पडलं. दारू नंतर सुटली, आणि मधे परतही लागली होती.

नाशिक
दत्तकपणाबद्दल मीच लिहावं, कारण मी दत्तक आहे. म्हणजे घरात होते, कागदावर नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, बौद्ध, जैन, शीख धरून. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. कोर्टाच्या कागदात पप्पा माझे 'पालक' आणि मी त्यांची 'पाल्य'. मूल सज्ञान झालं की कायद्याच्या लेखी नातं संपलं, वारसाहक्क तर मुळातच नाही. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी धर्म न बघता पूर्ण दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, तोवर माझं कॉलेज संपलं होतं.

पप्पांनी मृत्युपत्र केलं. त्यात 'ही माझी मुलगी आहे' हे वाक्य हट्टाने घालायला लावलं. वकील म्हणाले, साहेब, याचा कायद्याने काही उपयोग नाही, नुसतं नाव आणि हिस्सा लिहू. पप्पा म्हणाले, उपयोग नसू दे, टाइप करा.

रोमन कायद्यात दत्तक गेलेल्याची जुनी देणी मिटायची आणि तो नव्या घराचा पुरता वारस व्हायचा, असं नंतर एका बायबल वर्गात ऐकलं. रोमकरांस पत्रातलं 'मुले आहोत तर वारसही आहोत' हे वाचणाऱ्या रोममधल्या माणसांना ते सांगावं लागलं नसेल. देवाने मला पालकत्वावर घेतलेलं नाही. प्रार्थनेला बसल्यावर पूर्वी मी अर्ज लिहिल्यासारखी बोलायची, विनंती विशेष वगैरे. आता सरळ बोलते, कधी भांडतेसुद्धा.

वसई
आम्ही कॅथलिक. 'माझं तारण झालं' असं भूतकाळात बोलायची आमच्याकडे रीत नाही. बाप्तिस्म्याने सुरुवात होते, मग आयुष्यभर चालायचं, पडलं की धर्मगुरूंपुढे पापं कबूल करून पुन्हा उठायचं. मला यातच दिलासा वाटतो. पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री मेणबत्त्या धरून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारतो, दरवर्षी त्या 'होय'ला नवं काहीतरी चिकटलेलं असतं. आणि वाद घालणाऱ्यांसाठी: कृपेनेच नीतिमान ठरतो यावर लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिकांनी १९९९ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आहेत.

धागाकर्ती
कोल्हापूरकर दादा, लाज गेली ती मुक्तीच्या खात्यात, दारू तुम्ही म्हणाल तिथे! नाशिककर ताई, तुमचं आमच्या महिला मंडळात वाचून दाखवलं तर चालेल का?

नाशिक
चालेल. गाव सांगू नका फक्त, आमची मंडळी लहान आहे.

सोलापूर
मला खात्री वाटत नाही. मिस्टर गेल्यापासून उपासनेत गाणी म्हणते, तोंड हलतं, आत काही होत नाही. साक्ष द्यायला नाही, विचारायला लिहितेय: असं असताना प्रभुभोजन घ्यावं का?

नगर
घ्या ताई. रिकाम्या हातानेच घ्यायचं असतं ते. सोलापुरात माझी बहीण असते, एकटं बसवत नसेल तर तिच्या बाकावर या, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.