जीवनशक्ती आणि पवित्र आत्मा: होमिओपॅथी शिकताना मन अडलंय

प्रश्न

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. मी होमिओपॅथीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवर परीक्षेपुरतं जे घोकलं, ते आता पेशंटसमोर बसल्यावर बोचायला लागलंय. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या ‘ऑर्गेनन’ या मूळ ग्रंथातलं नववं सूत्र आम्हाला तोंडपाठ असतं: आत्म्यासारखी जीवनशक्ती शरीर चालवते. आजार म्हणजे तिचं बिघडणं. सहाव्या आवृत्तीत २८८व्या सूत्रात तर मेस्मेरिझमला, म्हणजे हात फिरवून शक्ती देण्याच्या उपचाराला, देवाची अनमोल देणगी म्हटलंय.

त्याच पुस्तकात औषधाची शक्ती वाढवायला बाटली चामडी बांधणीच्या पुस्तकावर शंभर वेळा आपटायला सांगितलंय. परवा घरी सराव करायला तसं पुस्तक शोधलं. घरात चामडी बांधणीचं एकच पुस्तक आहे, आजीचं बायबल. हात लावला आणि परत ठेवलं. रात्रभर झोप नाही. ज्या हातांनी प्रार्थना करते त्याच हातांनी मी कुणाची शक्ती देतेय?

उत्तर १

मुली, मी निवृत्त पाळक आहे. बाजारात विकतात ते मांस चौकशी न करता खा, असं पौल करिंथकरांना लिहितो. पण कुणी ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ म्हणालं, तर खाऊ नका, हेही तिथेच आहे. तुला कळलेलं आहे, आता न कळल्यासारखं वागता येणार नाही. मात्र अलीशा संदेष्ट्याकडे बरा झालेल्या अरामी सेनापती नामानाची गोष्टही वाच. रिम्मोन या परक्या देवाच्या देवळात धन्याबरोबर वाकावं लागेल म्हणून त्याने आधीच क्षमा मागितली. अलीशाने त्याला झिडकारलं नाही, ‘शांतीने जा’ म्हणाला.

उत्तर २

ताई, मी रसायनशास्त्र शिकवतो, मीही विश्वासी आहे. ३०सी म्हणजे दर वेळी शंभर पट असं तीस वेळा, एकावर साठ शून्यं इतकं पातळ केलेलं औषध. १२सीच्या पुढे गेलं की मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची खात्री नाही. अ‍ॅक्युपंक्चरमधली ‘ची’ नावाची प्राणशक्ती बाजूला ठेवली तरी सुई आणि मज्जातंतू उरतात, त्यांच्याबद्दल प्रश्न विचारता येतो. इथे आत्म्यासारखी शक्ती काढली की बाटलीत काय उरतं? माझी अडचण परक्या आत्म्याची नाहीच. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा मला आधी आठवते.

उत्तर ३

मी वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, दर रविवारी चर्चलाही जातो. जीवनशक्तीला मी देवाने घातलेला श्वास समजतो, हानेमानही निर्मात्याला मानत होता. एकेका पेशंटचं तासभर ऐकून घेतो. एवढं दुसरीकडे कोण ऐकतं?

प्रश्नकर्ती

सर, तासभर ऐकण्याचं पटलं, ते मी सोडणार नाही. पण श्वास देवाने घातला, तर तो बाटलीत भरून देणारी मी कोण? आणि रसायनवाल्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

उद्या ओपीडीत एक आजी येणार आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून त्या आमच्या गोळ्यांवर आहेत. उद्याच त्यांचा रक्तदाब मोजून, ओपीडीतल्या सरांसमोर सांगणार आहे की ज्या डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या त्यांच्याकडे आजच जा, मी सोबत येते. पदवीचं त्यानंतर बघेन. माझ्यासाठी प्रार्थना करा.